थरथर आढळल्यास दुर्लक्ष करावे

दारावर थाप पडली की आईच्या खोलीतला दिवा लागावा, एवढंच मला करायचं होतं. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पुढे या प्रकरणात सोसायटीचा ठराव आला, तीन प्रतींतला अर्ज आला, वायरमनचं हसू आलं आणि माझी अर्ध्या दिवसाची रजाही गेली. त्या सगळ्या गदारोळात मूळ इच्छा किती साधी होती हे कोणाच्या लक्षात राहणार नाही, अशी मला रास्त भीती वाटते.

आईला ऐकू येत नाही. म्हणजे उजव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर येतं, आणि तिच्याविषयी बोललं तर कुठूनही येतं. कानाचं यंत्र आणून दिलं होतं. तिने ते दोन दिवस लावलं, ‘डोक्यात कोणीतरी भांडी घासतंय’ असं जाहीर केलं आणि ते चष्म्याच्या जुन्या घरात ठेवून दिलं. गुडघ्यांनीही राजीनामा दिलेला असल्यामुळे ती वर्षभर जिना उतरलेली नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे आईचं बाहेरचं जग दुपारी चारला वर येत असे आणि साडेपाचला खाली जात असे. त्या जगाचं नाव खालच्या मावशी.

खालच्या मावशी दुसऱ्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं त्या चारच्या ठोक्याला वर्तमानपत्र घेऊन वर येत आणि दोघी मिळून शब्दकोडं सोडवत. मावशी आईच्या उजव्या कानाशी सूचक वाक्य वाचायच्या, आई उत्तर सांगायची, मावशी ‘छे, भलतंच’ म्हणायच्या आणि शेवटी तेच उत्तर लिहिलं जायचं. मी आणि बायको, आम्ही दोघंही नोकरी करणारे. दुपारी घरात आई एकटीच. दार उघडंच असे, मावशी सरळ आत येत. तीस वर्षांत या व्यवस्थेत कोणालाही सुधारणा करावीशी वाटली नव्हती.

मग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कपाटात मांजर व्यालं.

इस्त्रीच्या शर्टांवर चार पिल्लं. सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी फलकावर सूचना लावली, की दुपारी दोन ते सहा या वेळेत सर्व सभासदांनी आपापली दारे बंद ठेवावीत. आमचं दार बंद झालं, आणि मावशी यायच्या थांबल्या.

आई पहिले दोन दिवस दारापाशी खुर्ची टाकून बसली. दर थोड्या वेळाने उठून दार उघडून बघायची. तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी तेही बंद पाडलं. मग तिने निष्कर्ष काढला. “ती आली असणार, वाजवलं असणार, मी उघडलं नाही, तिला राग आला.”

“मग मी जाऊन सांगतो ना, की तुला ऐकू गेलं नाही.”

“काही सांगायचं नाही. तीस वर्षांत माझे कान तिला माहीत नाहीत? एवढ्यावरून रागवायचं असेल तर रागवू दे. तू मध्ये पडलास तर बघ.”

आईचे कान आणि पाय गेले आहेत, पण मान शाबूत आहे. मात्र रोजचं कोडं ती कात्रीने कापून उशीखाली ठेवू लागली. एकही चौकोन न भरलेलं. एकटीने सोडवायला तिला काहीच अडचण नव्हती. ती सोडवत नव्हती, एवढंच. मी ती कात्रणं पाहिली आणि मला फार वाईट वाटलं. मावशी एकदा जिन्यात भेटल्या, पण नजर टाळून, हात शालीत घेऊन, “बरी आहे ना आई?” एवढंच म्हणून निघून गेल्या. राग आहे हे नक्की झालं.

“मावशींना आपली एक किल्ली देऊन टाका,” बायको म्हणाली.

आता, सूचना म्हणून ही ठीक होती. पण किल्ली देणं हे काय काम झालं? ते कोणीही करेल. मी अठरा वर्षं एका विमा कंपनीच्या वेबसाइटचे फॉर्म लिहितो आहे. तुम्ही एखादा रकाना रिकामा सोडून पुढे सटकायला बघता आणि लाल अक्षरांत ‘कृपया हा रकाना भरा’ असं येतं, ते माझं लेखन. इतकं वाचलं गेलेलं आणि इतक्या शिव्या खाल्लेलं गद्य माझ्या पिढीत दुसऱ्या कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. अशा माणसाच्या आईचा प्रश्न किल्लीने सुटावा?

आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसात मला कळलं, की ज्या जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकी भाषेत मी हे सगळं लिहितो ती आता टपालाच्या तिकिटापेक्षा जराशा मोठ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरही चालते. त्या बोर्डाला धातूचे बारीक पाय असतात. एका पायाला दिवा जोडायचा, दुसऱ्याला बटण, आणि आपल्या रोजच्या भाषेत लिहायचं, की हे दाबलं की तो लाव. मी हातातला घास तसाच ठेवला. अठरा वर्षं माझ्या भाषेने काचेच्या मागे चित्रं हलवली होती. तिने काचेच्या अलीकडे येऊन खरा दिवा लावावा, ही कल्पनाच मला झेपेना.

बोर्ड मागवला. तो पार्सल कचेरीत अडकला. खिडकीमागच्या कारकुनाने तो वजनकाट्यावर ठेवला, काटा हलला नाही म्हणून काट्याला एक चापट मारली आणि विचारलं, “काय आहे?”

“कॉम्प्युटर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, अकरा ग्रॅमच्या पाकिटाकडे पाहिलं आणि वेगळा फॉर्म काढला. “कॉम्प्युटरला हा. पडद्याचा आकार लिहा.”

“पडदा नाही त्याला.”

“मग कळफलकाचा प्रकार.”

“तोही नाही.”

“मग कॉम्प्युटर कशावरून?” तो शांतपणे म्हणाला. “आणि हे बघा, चांदणीची खूण असलेले रकाने रिकामे ठेवता येत नाहीत.”

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. अठरा वर्षांत मी जितक्या लोकांना अडवलं असेल त्या सगळ्यांच्या वतीने तो खिडकीत बसला होता. शेवटी त्याने तोडगा सुचवला आणि मी ‘वस्तूचे स्वरूप’ या रकान्यात ‘खेळणे’ असं लिहिलं. त्यावर ‘वयोगट’ असा आणखी एक रकाना उघडला. मी ‘तीन वर्षांवरील’ असं लिहून सही केली आणि मान खाली घालून घरी आलो.

पण तो बोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि झालेला सगळा अपमान विसरलो. केवढासा तो! त्याची स्मरणशक्ती साठ किलोबाइट. आमच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर छत्री धरून हसणारं जे कुटुंब आहे, त्यातल्या बापाची मिशीसुद्धा त्यात मावली नसती. त्यावर एक हिरवा ठिपका होता. मी चार ओळी लिहिल्या: ठिपका लाव, अर्धा सेकंद थांब, विझव, पुन्हा तेच. पाठवल्या. ठिपका लागला. विझला. लागला.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का ते विचारू नका. सरकारी समारंभात उठतात तसा उठलो. मी लिहिलेला शब्द वायरीतून गेला आणि जगातली एक वस्तू, जिला हात लावता येतो, ती माझं ऐकत होती. मी बायकोला हाक मारली. तिने स्वयंपाकघरातूनच मान काढली. “लुकलुकतंय. छान. टेबल कधी रिकामं होणार?” आईला धरून आणलं. ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिली.

“तू सांगितलंस म्हणून लागतोय?”

“हो.”

“आणि आता तू काही सांगत नाहीयेस, तरी लागतोय?”

“एकदाच सांगितलं. ते त्याने लक्षात ठेवलंय.”

“तुझ्यापेक्षा गुणी आहे,” आई म्हणाली. पण ती जेवण वाढेपर्यंत तिथून हलली नाही.

पुढचा टप्पा बटणाचा. बोर्डाला एक साधं बटण जोडलं आणि ते किती वेळा दाबलं गेलं हे मोजायला सांगितलं. मी एकदा दाबलं. पडद्यावर आकडा आला सतरा. मी हळूच दाबलं. नऊ. बायकोला दाबायला सांगितलं. तेवीस. “माझं तुमच्यापेक्षा जास्त आलं,” असं म्हणून ती खूश होऊन गेली. ऑफिसात यंत्रसामग्री सांभाळणारा एक अबोल गृहस्थ आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, “बरोबर आहे. बटणातली धातूची पट्टी टेकताना उड्या मारते. आपल्याला एकदाच वाटतं. बोर्डाला सगळ्या उड्या दिसतात.”

त्या संध्याकाळी मी घरातलं प्रत्येक बटण नव्या आदराने दाबलं. पन्नास वर्षं मी दिवे लावतोय, पंखे लावतोय, आणि दर वेळी बोटाखाली सतरा-सतरा उड्या चालल्या होत्या. मला पत्ता नव्हता! बोर्डाच्या दृष्टीने आमचा एक सेकंद म्हणजे निवांत दुपार असते. त्या दुपारी तो बसून सगळं बघत असतो, काही सोडत नाही. असा साक्षीदार माझ्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी होता.

“उपाय सोपा आहे,” अबोल गृहस्थ म्हणाला. “भराभर, बारीक-बारीक येतं ते थरथरणं. ते सोडून द्यायचं. ठळक, सुटं येतं ते खरं.” मी मान हलवली. हा सल्ला मी पुढे जरा जास्तच मनावर घेतला.

बटण मात्र दाराला लावून उपयोग नव्हता. आमच्या घंटेला मावशींनी तीस वर्षांत बोट लावलेलं नाही. ‘घंटा परक्यांनी वाजवायची’ हे त्यांचं मत. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला एक चपटी चकती चिकटवली. दार थरथरलं की ती किती थरथरलं याचा आकडा देते. तिथून बोर्ड, बोर्डापासून भिंतीच्या कडेकडेने आईच्या टेबलावरच्या दिव्यापर्यंत वायर. वायर नीट बसवायला वायरमन बोलावला. तो सगळी मांडणी बघून हसला.

“साहेब, घंटीच्याच वायरीला एक बल्ब जोडला असता तर पंधरा मिनिटांचं काम होतं.”

“घंटी नाही, थाप. थाप ओळखायचीय.”

“थाप काय ओळखायची? थाप ती थाप.”

मी त्याला लॅपटॉपवरचे आकडे दाखवले. त्याने दारावर टकटक केलं, आकडे उसळले. टिचकी मारली, छोटा आकडा. कोपर मारलं. नुसता तळवा टेकवला, तरी सहा आला. पुढची वीस मिनिटं तो माणूस आमचं दार नाना तऱ्हांनी वाजवत होता आणि “अरे बाप रे” म्हणत होता. शेवटी हत्यारं गोळा करताना तो हसला नाही. “दाराला एवढं कळतं होय,” असं पुटपुटत तो जिना उतरला, आणि जाताना त्याने दार अगदी अलगद ओढून घेतलं.

पहिल्या दिवशी दार जरासं थरथरलं तरी दिवा एक मिनिटभर लागेल, असं मी लिहिलं होतं. त्या दिवशी आईने साडेतीनच्या आतच अकरा वेळा दार उघडलं. वरच्यांचा मिक्सर, वारा, जिन्यातून कपाट नेणारे हमाल. अकराव्या वेळी हमालांनाच विचारलं, “तुम्ही वाजवलंत का?” त्यांनी घाबरून कपाट खाली ठेवलं. त्यानंतर दिवा लागला तरी ती उठली नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आई पाय तेलाने चोळत बसली होती.

“ती आली असं वाटून अकरा वेळा उठले रे,” एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी दोन संध्याकाळी खपून गाळणी लिहिली. ठराविक आकड्यापेक्षा मोठी, सुटी, दोन किंवा तीन वेळा आलेली असेल तरच ती थाप. बारीक असेल, भराभर असेल तर सोडून द्या. त्या ओळींच्या डोक्यावर मी माझ्यासाठी एक टीपही लिहिली: ‘थरथर आढळल्यास दुर्लक्ष करावे.’ मला ती फार आवडली. विमा कंपनीत अठरा वर्षं काढल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही. आणखी एक जुनी सवय म्हणून, जे सोडून दिलं त्याचीही यादी वेळेसकट ठेवायला सांगितली. टाकलेलं कुठेतरी नोंदलेलं असावं, हा आमच्या खात्याचा शिरस्ता आहे.

गाळणी उत्तम चालली. मिक्सरला दिवा लागेना, पंपाला लागेना. मी वाजवलं की लागे. इतकी उत्तम चालली, की सेक्रेटरींना संशय आला. त्यांनी आमचं दार वाजवलं आणि हात खाली घ्यायच्या आत आईने उघडलं.

“आजी पूर्वी उघडत नसत,” ते मला जिन्यात अडवून म्हणाले. “आता वाजवायचा अवकाश, हजर! आत कॅमेरा आहे?”

मी समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितका त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. कार्यकारिणीची तातडीची सभा झाली आणि माझ्या हाती तीन प्रतींत भरायचा अर्ज आला. त्यात प्रश्न चौथा होता: ‘यंत्र ऐकते काय? असल्यास काय ऐकते?’ मी लिहिलं, ‘होय. फक्त दार.’ प्रश्न पाचवा: ‘ऐकलेले कोणास सांगते?’ मी लिहिलं, ‘आईस.’ तीन प्रतींत तीनदा लिहिताना माझा स्वाभिमान दुखावला, हे खरं आहे. पण तिसऱ्या प्रतीपर्यंत मलाच ते उत्तर वाचून जरा थक्क व्हायला झालं. खरंच तर होतं ते.

फक्त मावशी येत नव्हत्या. कशा येणार? रागावलेल्या माणसाला आमच्या दाराला कान फुटलेत हे कोण सांगणार? आई रोज चारला दिव्यासमोर खुर्ची घेऊन बसे. दिवा लागत नसे. साडेपाचला ती कात्री घेई. उशी आता एका बाजूने वर आली होती.

“किल्ली,” बायको म्हणाली.

मी लॅपटॉप उघडला.

त्यातच बोर्ड मरू लागला. दर तीन-चार दिवसांनी बंद पडायचा आणि आपणहून पुन्हा सुरू व्हायचा. ही माझ्या कौशल्यावरची टिप्पणी होती आणि ती मला सहन होईना. कारण शोधलं तर मीच निघालो. सोडून दिलेल्या थरथरींची यादी वाढत-वाढत जाऊन त्या साठ किलोबाइटांत त्याला श्वास घ्यायला जागा उरत नव्हती. शिरस्त्याने बिचाऱ्याचा गळा आवळला होता. पुढच्या खेपेला तो बंद पडायच्या आत, एका संध्याकाळी, मी ती यादी लॅपटॉपवर उतरवून घेतली. एवढं फेकलं तरी काय जातंय, ते बघू म्हटलं.

सकाळचे मिक्सर. पाचचा पंप. आणि दुपारी चार वाजता काहीतरी.

चार वाजून दोन मिनिटं: बारीक-बारीक बावीस आकडे, तीन सेकंदांत. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा चोवीस. मग पुन्हा एकवीस. मग शांत. आदल्या दिवशी चार वाजता: तसंच, तीन वेळा. त्याच्या आदल्या दिवशी: तसंच. रविवारी काही नाही. रविवारी आम्ही दोघं घरात असतो.

मला पहिल्यांदा वाटलं, दुसरा एखादा पंप. मी सेक्रेटरींकडे पंपांचं वेळापत्रक मागितलं. त्यांनी अर्ज मागितला. मी दिला. उत्तर आलं, की पंप एकच आहे, तो पाचला लागतो आणि रविवारीही लागतो. म्हणजे चारला दारापाशी जे काही थरथरत होतं त्याला आमची सुट्टी कळत होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुपारी पावणेचारला आई आत आपल्या खुर्चीत, दिव्यासमोर. मी दाराच्या आत जमिनीवर, मांडीवर लॅपटॉप. चार वाजले. चार वाजून एक. मग पडद्यावर आकडे सुरू झाले. सहा, नऊ, सात, अकरा, आठ, भराभर, एकमेकांच्या पायात पाय घालत. माझ्या कानांना दारावर जेमतेम एक खसखस ऐकू आली. पडद्यावर आकडे आणि त्यांच्यापुढे माझीच टीप: दुर्लक्ष, दुर्लक्ष, दुर्लक्ष.

मी उठून दार उघडलं.

खालच्या मावशी उभ्या होत्या. उजवा हात वर, वाजवण्याच्या बेतात, आणि तो हात थरथरत होता. नुसता कापत नव्हता, मनगटापासून बोटांपर्यंत सुटल्यासारखा हलत होता. काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र. मला बघताच त्यांनी हात शालीत ओढला.

“तू घरी कसा?”

“मावशी, तुम्ही रोज येता?”

त्यांनी वर्तमानपत्र काखेत घट्ट दाबलं. मग म्हणाल्या, “तीनदा वाजवते. जोरात येत नाही आता वाजवता. घंटेवर बोट ठरत नाही. उघडलं नाही, तर जाते.”

“आणि तरी रोज?”

“मग? आता बंद असलं म्हणून काय झालं, दार तिचंच आहे ना?” त्यांचा आवाज चढला. “मला वाटलं, ती रागावली असेल. का ते मला नाही माहीत. पण उद्या उघडेल असं वाटायचं. आणि हे बघ, हाताचं तिला बोलू नकोस. तिला माहीत नाहीये.”

तीन आठवडे ही बाई रोज एक जिना चढून आमच्या दारावर तीनदा हात ठेवत होती. दाराने ऐकलं होतं. चकतीने ऐकलं होतं. बोर्डाने एकूण एक थाप वेळेसकट लिहून ठेवली होती, अगदी जीव जाईपर्यंत. या सगळ्या साखळीत बहिरा एकटा मी होतो, आणि ते मी लेखी देऊन ठेवलं होतं.

आता शहाण्या माणसाने मावशींना आत घेतलं असतं. मी म्हणालो, “मावशी, दोन मिनिटं थांबा. दार लावतो. मग पुन्हा वाजवा.”

“वेडबिड लागलंय का तुला?”

“दोनच मिनिटं.” आणि तीन आठवड्यांनी आलेल्या पाहुणीच्या तोंडावर मी दार लावलं. जमिनीवर बसलो. गाळणी पुसली. टीप पुसली. एक मिनिटाचा हिशेब पुसला. यादीसुद्धा पुसली. उरल्या चार ओळी: दार हलेल तसा दिवा हलव, बाकी काही नाही. पाठवल्या आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो.

दिवा थरथरायला लागला. आजवर तो लागायचा तो ताठ, एक मिनिट. आज तो उजळत होता, मंद होत होता, पुन्हा उजळत होता, एका सेकंदात सात-आठ वेळा. भिंतीवर त्याचा उजेड कापत होता. मावशींचा हात दार ओलांडून, वायरीतून, भिंतीच्या कडेने आईच्या टेबलापर्यंत आला होता. मी बघतच राहिलो. हिरव्या ठिपक्याला उठून उभा राहिलो होतो, इथे उंबऱ्यातच खाली बसलो.

आईने दिव्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग काठी घेतली.

“आली ती,” ती म्हणाली.

“कोण?”

“कोण काय? तिचा हात आहे हा.”

मी तिच्या उजव्या कानाशी गेलो. “तुला माहीत होतं?”

“दीड वर्ष झालं. पेन्सिल धरता येईना तिला. म्हणून मी म्हटलं, तुझं अक्षर घाणेरडं आहे, आण इकडे, मी लिहिते. भांडली माझ्याशी, पण दिली.” काठी टेकत ती दाराकडे निघाली होती. “कान गेलेत माझे. डोळे आहेत की.”

दार तिनेच उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

“किती दिवस वाजवतेय,” मावशी म्हणाल्या.

“जरा मोठ्याने वाजवायचं!” आई म्हणाली, जणू काही तिला ऐकू गेलं असतं. मग तिने मावशींच्या काखेतलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि वळून आत चालू लागली. मावशी मागोमाग गेल्या.

उशीखालची सगळी कात्रणं बाहेर निघाली. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा दोघी दुसऱ्या कोड्यावर भांडत होत्या. बायकोने सगळं ऐकून घेतलं, मावशींच्या शालीतल्या हाताकडे पाहिलं आणि पुढे किल्लीचं नाव कधी काढलं नाही. ती कुलपात गेली नसती, हे न सांगता तिला कळलं. माझ्या संसारातला हा माझा एकमेव विजय, आणि तो मिरवावासा मला वाटला नाही.

पंपाला आणि मिक्सरलाही दिवा आता पुन्हा हलतो. आई उठत नाही. तिने मला सांगितलं, की पंपाचा एकसारखा भुरभुरतो, सेक्रेटरींचा तीनदा फाडफाड होतो, मी आलो की आळसावून दोनदा. जी गाळणी मी दोन संध्याकाळी खपून लिहिली होती, ती तिने दोन दिवसांत नुसती बसून बघून शिकली, आणि तिच्यातून कोणी सुटत नाही. साठ किलोबाइटांचं मला नवल वाटलं होतं. हे कशात मोजायचं मला माहीत नाही.

तरी सवय जात नाही. त्या रविवारी दोघी कोडं सोडवत बसल्या असताना मी आईच्या उजव्या कानाशी विचारलं, “हा दिवा असा कापतो, डोळ्यांना त्रास होत असेल. स्थिर करून देऊ का?”

“हात लावू नकोस त्याला,” आई मोठ्याने म्हणाली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. “स्थिर लागला तर ही आलीय, हे मला कसं कळणार?”

मग मावशींनी शालीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर वर्तमानपत्रावर ठेवला. कागद सळसळायला लागला. आईने त्याच्या कोपऱ्यावर आपला हात ठेवून तो धरला आणि पेन्सिल घेतली.

“वाच,” ती म्हणाली. “आडवे चार.”